मुक्त-स्रोत अरीना शूटर, ज्यात खेळता खेळता नकाशा बांधता येतो: बेळगावच्या किल्ल्यासाठी कुठला घ्यावा?

#१ कुंदाप्रेमी
मंडळी, प्रश्न सरळ आहे. टिळकवाडीत एका मंडळाच्या खोलीत दहा जुने संगणक आहेत. ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, इंटेलचं आतलंच. सहांवर उबंटू, चारांवर विंडोज. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतातच, यंदा एक किल्ला संगणकात करायचा आहे. आपलाच, बेळगावचा: खंदक, दरवाजा, बुरूज, आत कमल बसदी हे जैन मंदिर. आणि बांधून झाला की त्यातच पळापळी, म्हणजे एकमेकांवर गोळ्या झाडायचा खेळ.

अटी तीन. फुकट आणि मुक्त-स्रोत पाहिजे. नकाशा बांधायचं साधन खेळाच्या आतच पाहिजे, दुसरं सॉफ्टवेअर शिकवायला वेळ नाही. आणि पाच-सहा जणांना एकाच वेळी एकाच नकाशावर काम करता आलं पाहिजे.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या तरी चालतील. टाइप करताना रोमनमध्ये, जोडून, सगळी लहान अक्षरं, एवढं सगळे समजून घेतील.

#२ राजहंस
तिन्ही अटींत बसणारं घराणं एकच, क्यूबचं. मूळ 'क्यूब' व्हाउटर फान ओर्टमर्सनचा, २००१ चा. त्याचा पुढचा अवतार 'क्यूब २: साउअरब्राटन', २००४ पासून. इंजिन झेडलिब परवान्याखाली मोकळं आहे. त्यातली चित्रं, आवाज, नकाशे मात्र ज्याचे त्याच्या परवान्यावर, म्हणून डेबियन-उबंटूत डेटाचं पॅकेज 'नॉन-फ्री' आणि 'मल्टिव्हर्स' कप्प्यात सापडतं. मंडळात वापरायला त्याची काहीच अडचण नाही. आतलं चित्र उचलून दुसरीकडे छापायचं असेल तर त्या फोल्डरमधली रीडमी वाचायची.

खेळत असताना ई दाबा, तुम्ही हवेत तरंगायला लागता आणि समोरची भिंत ओढता येते. परत ई दाबा, पाय जमिनीवर. मधे कंपाइल (नकाशा आधी वेगळा तयार करून घेणं) नाही, थांबणं नाही.

दहाही मशीनवर आवृत्ती मात्र एकच घाला, २०२० ची. उबंटूच्या भांडारातून एक आणि विंडोजवर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधली जुनी, असं झालं की प्रोटोकॉल जुळत नाही आणि सर्व्हर दारातूनच परत पाठवतो.

#३ मांडे_तूपसाखर
साउअरब्राटन म्हणजे जर्मन लोकांचं आंबट मुरवलेलं मांस न्हवं काय? खेळाचं नाव ठेवणारा जेवायच्या वेळी बसला हुता वाटतं.

#४ रेडियंटवाला
#२ शी असहमत. आत बांधता येतं म्हणून चांगलं बांधलं जातं असं नाही. झोनॉटिक बघा: जीपीएल परवाना, चित्रं-आवाजांसकट सगळं मोकळं, आणि चाल-गोळी दोन्ही साउअरपेक्षा घोटीव. नकाशा नेटरेडियंट या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा. वरून, बाजूने, समोरून अशा तीन दिशांनी रेषा दिसतात, माप चुकत नाही. मग क्यू३मॅप२ ने तो खेळासाठी तयार करायचे तीन टप्पे: बीएसपी (रचना), व्हिस (कुठून काय दिसतं), लाइट (उजेड). शिस्त लागते, पण शिस्तीनेच किल्ला उभा राहतो. साउअरमध्ये पोरं आठवडाभर चौकोन ओढत बसतील आणि हाती खेकड्याचं बीळ येईल.

#५ राजहंस
रेडियंटवाले, नेटरेडियंट उत्तम आहे, वाद नाही. पण #१ मधली दुसरी आणि तिसरी अट परत वाचा की. सहा पोरं एक डॉट मॅप फाइल एकाच वेळी कशी उघडणार? आणि 'लीक' चं काय? छताच्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी व्हिस होत नाही, मग ती लाल रेघ धरून फट शोधत फिरा. साउअरमध्ये लीक ही भानगडच नाही. जग म्हणजे ऑक्ट्री, मोठा ठोकळा आठात चिरलेला, त्यातला एकेक परत आठात. जागा एकतर भरीव, नाहीतर पोकळ.

#६ रेघोटी
किल्ला कुणाचा चांगला ते नंतर ठरवा, आधी बोटं कुठे ठेवायची ते लिहिते. साउअर २०२०, मूळ बटणं न बदलता:

तिरकी रेघ दाबली की कमांडची ओळ उघडते. /न्यूमॅप १० दिलं की १०२४ युनिटचं चौकोनी जग तयार, खालचा अर्धा भाग भरीव, तुम्ही त्यावर उभे. ११ दिलं तर २०४८, प्रत्येक आकड्याला दुप्पट.

माउसचं डावं बटण दाबून ओढा, ठोकळे निवडले जातात. नुसतं चाक फिरवलं की अख्खे ठोकळे वाढतात किंवा खणले जातात. एफ धरून चाक फिरवलं की निवडलेलं तोंड थोडं थोडं सरकतं. क्यू धरून फिरवलं की एकच कोपरा. जी धरून फिरवलं की ठोकळ्याचं माप बदलतं. वाय धरून फिरवलं की टेक्श्चर, किंवा एफ२ दाबून चित्रांच्या यादीतून निवडा. सी नक्कल, व्ही चिकटवा, झेड मागे फिरा.

सगळ्यात जास्त चुकतं ते जी. नवखा माणूस माप ४ युनिटवर आणतो आणि अख्खी भिंत बारक्या विटांनी रचतो. ती भिंत दिसायला तीच, पण संगणकाला रंगवावे लागणारे त्रिकोण शेकड्यांनी वाढतात आणि जुन्या इंटेलचा श्वास लागतो. भिंत ६४ च्या ठोकळ्यात ओढायची, खिडकीपुरतंच माप खाली आणायचं. बारीक तुकडे झालेच असतील तर /रीमिप द्या, जोडता येतील तेवढे परत जोडले जातात.

बुरुजाचा गोलवा: ठोकळ्याची प्रत्येक कड आठ पायऱ्यांत आत जाते. ६४ चा ठोकळा घ्या, क्यूने बाहेरच्या कडेचे वरचा आणि खालचा, दोन्ही कोपरे आठही पायऱ्या आत ढकला, ४५ अंशांचा छेद मिळतो. बुरुजाच्या चारही कोपऱ्यांच्या ठोकळ्यांना असं केलं की अष्टकोनी बुरूज. याहून गोल करायचा मोह आवरा, पळताना कुणी बाजू मोजत नाही.

#७ निपाणी_एक्सप्रेस
एवढं जड कशाला की? असॉल्टक्यूब घाला. मूळ क्यूबच्याच इंजिनवर, साउअरच्या तुलनेत डाउनलोड कितीतरी लहान, भंगारातल्या मशीनवर पळतं. आत एडिटरही आहे, कोऑप एडिट (अनेकांनी मिळून बांधायचा) मोडही आहे. बंदुका ओळखीच्या, पोरांना लगेच जमतं.

#८ रेघोटी
निपाणी_एक्सप्रेस, खेळायला असॉल्टक्यूब झकास. पण किल्ल्याला त्याचा पायाच आडवा येतो. जुन्या क्यूबमध्ये नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला एक जमीन आणि एक छत, बस्स. खोलीवर खोली बांधता येत नाही. आता आपला दरवाजा डोळ्यांपुढे आणा: कमानीखालून वाट आणि वर तट, त्यावरून माणूस चालणार. असॉल्टक्यूबमध्ये यातलं एकच निवडावं लागेल. मॉडेल ठेवून आणि अदृश्य क्लिप (न दिसणारा अडसर) लावून पुलाचा भास करतात, पण ते ओढूनताणून.

#९ निपाणी_एक्सप्रेस
हां, हे खरं. दरवाजा नसलेला किल्ला म्हणजे आमच्या निपाणीत तंबाखूचं गोदाम म्हणतात. मागे घेतो.

#१० कौलारू_खानापूर
बांधायच्या आधी मापं पाठ करा, नाहीतर अर्धा किल्ला पाडून परत बांधाल.

खेळाडू सुमारे १५ युनिट उंच. ८ युनिट म्हणजे १ मीटर धरलं की हिशेब जमतो. खेळाडूची त्रिज्या ४.१ आहे, म्हणजे अंगाची रुंदी ८.२. म्हणून ८ युनिटचं दार डोळ्याला पुरेसं दिसतं आणि माणूस आत जात नाही. ०.२ साठी अडतो! हीच गंमत १६ च्या बोळात: दोघं समोरासमोर आले की १६.४ लागतात, दोघंही खोळंबतात आणि मागून रॉकेट येतं. दार कमीत कमी २४ रुंद, मुख्य वाट ४८. उंचीला १६ चालतं पण डोकं घासल्यासारखं वाटतं, ३२ ठेवा.

पायरी ४ युनिटची. ४.१ पर्यंतची चढण खेळाडू आपोआप चढतो. ८ ची पायरी केली तर प्रत्येक पायरीला उडी. म्हणजे ६४ उंचीच्या तटाला १६ पायऱ्या, एकेक ८ खोल धरली तर जिना १२८ लांब. एवढी जागा आधीच सोडून ठेवा. जिना शेवटी आठवतो आणि मग तो विहिरीत उतरल्यासारखा उभा होतो.

#११ कुंदाप्रेमी
रेघोटी, कौलारू, दोघांचे आभार. पोरांचा हट्ट अख्खा किल्ला करायचा आहे. ८ युनिटला मीटर धरला तर /न्यूमॅप १२ पुरेल?

#१२ कौलारू_खानापूर
नाही पुरणार. १२ म्हणजे ४०९६ युनिट, म्हणजे ५१२ मीटर. किल्ला त्याहून लांब आहे, आणि बाहेरचा खंदक वेगळाच. १३ करावं लागेल. करता येतं, पण खेळाडूचा वेग सेकंदाला साधारण १०० युनिट. १०२४ च्या नकाशात या टोकापासून त्या टोकाला दहा सेकंद. ८१९२ च्या नकाशात ऐंशी सेकंद नुसतं पळायचं, दहा माणसं एकमेकांना सापडायची नाहीत. ती पळापळी नव्हे, सकाळचं फिरणं झालं.

#१३ तटबंदी
मग किल्ला म्हणायचं कशाला? बेळगावचा किल्ला म्हणून काहीतरी चौकोनी ठेवून त्यात उड्या मारायच्या असतील तर नाव दुसरं द्या. तटाचा लंबगोल घेर, त्याला वेढलेला रुंद खंदक, दरवाजाशी गणपती आणि दुर्गेची देवळं, आत कमल बसदी, सफा मशीद. हे ज्या क्रमाने दिसतं त्या क्रमानेच दिसलं पाहिजे. आठशे वर्षांहून जुना आहे तो, १२०४ च्या आसपासचा.

#१४ राजहंस
तटबंदी, राग रास्त आहे, पण दिवाळीचा मातीचा किल्ला करताना तरी आपण माप कुठे पाळतो? मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि पायथ्याला अळीव उगवलेलं जंगल. तरी लांबून बघणारा म्हणतो, हा अमुक किल्ला.

क्रम ठेवा, अंतर आवळा. बाहेर पूल, पुलाखाली खंदक, मग दरवाजा, दरवाजामागे वळण (आत शिरल्या शिरल्या सरळ नजर जाऊ नये, ही जुनी युक्ती अरीनातही तितकीच चालते), वळणानंतर उघडं मैदान आणि मैदानाच्या कडेला बसदी. तटावरून गोल फिरणारी वरची वाट आणि खालून दुसरी. प्रत्येक जागेला निदान दोन वाटा, नाहीतर एकजण कोपऱ्यात रायफल घेऊन बसतो आणि बाकीचे फटाके होतात. हे सगळं /न्यूमॅप ११ मध्ये आरामात मावतं.

आणि लष्कराच्या ताब्यातला भाग सोडून द्या. नाहीतरी तो भाग कुणी नीट बघितलेला नाही.

#१५ तटबंदी
वळण ठेवणार असाल तर चालेल. बसदीचं छत मात्र चुकवू नका. ७२ पाकळ्यांचं कमळ आहे ते, छतातून खाली लोंबणारं, प्रत्येक पाकळीवर तीर्थंकर.

#१६ रेघोटी
७२ पाकळ्या ठोकळ्यांत कोरायच्या नाहीत. प्रत्येक पाकळीला निदान तीन-चार बारके ठोकळे धरले तरी एका छतात शेकडो तुकडे, आणि खाली उभं राहून वर बघितलं की फ्रेम गळतात, चित्र अडखळतं. दोन वाटा आहेत. एक, ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये एक पाकळी करून ७२ वेळा फिरवायची आणि सगळं एकच मॉडेल म्हणून ठेवायचं. दुसरी सोपी: छत सपाट, त्यावर कमळाचं ५१२ बाय ५१२ चं चित्र, आणि मधला लोंबता गाभा तेवढा खऱ्या ठोकळ्यांचा, क्यूने निमुळता केलेला. पळताना हेच खरं वाटतं.

चित्र आत आणायची रीत: पॅकेजेस फोल्डरमध्ये स्वतःचा फोल्डर करा, चित्र त्यात ठेवा. नकाशाच्या नावाचीच डॉट सीएफजी फाइल नकाशाशेजारी (पॅकेजेसमधल्या बेस फोल्डरात) करा. पहिल्या ओळीत डेटा फोल्डरमधली डिफॉल्ट मॅप सेटिंग्ज 'एक्झेक' करून घ्या आणि त्याच्या खाली, अगदी शेवटी, आपल्या चित्राची ओळ: टेक्श्चर, शून्य, अवतरणात फाइलची वाट (ती कोणत्या फोल्डरात आहे ते).

शेवटीच का, ते लक्षात ठेवा. नकाशा टेक्श्चरचं नाव साठवत नाही, यादीतला क्रमांक साठवतो. मधे एक ओळ घुसवली की पुढच्या सगळ्यांचा क्रमांक एकाने सरकतो. सकाळी उघडलं तर तटाला गवत आणि खंदकाला फरशी!

#१७ मांडे_तूपसाखर
दरवाजावर 'बेळगाव किल्ला' अशी पाटी लावा की. /मॅपटायटल (नकाशाचं नाव) मध्ये मराठी टाकलं तर चालतंय काय?

#१८ रेघोटी
नाही चालत. खेळाच्या अक्षरसंचात रोमन आणि रशियन आहे, देवनागरी नाही, कन्नडही नाही. चॅटमध्येही नाही. मराठी टंकलेखनासाठी कीबोर्ड इनस्क्रिप्टवर ठेवलेला असेल तर खेळ सुरू करायच्या आधी इंग्रजीवर आणा, नाहीतर कमांडच्या ओळीत काही धड उमटणार नाही. पाटी पाहिजे तर तीही चित्र म्हणूनच. मजकूर भिंतीवर परत परत उमटतो, तेव्हा पाटीचा ठोकळा चित्राच्या मापाचा घ्या आणि /व्हीस्केल, /व्हीऑफसेट ने सरकवून बसवा.

#१९ निपाणी_एक्सप्रेस
पाटी मराठीत की कन्नडमध्ये? 😄

#२० मांडे_तूपसाखर
आलास काय मूळपदावर! दोन्हीत लिव की, ५१२ चं चित्र हाय, जागा काय कमी हाय.

#२१ संपादक मंडळ
पाटीचा विषय इथेच थांबवावा. त्यासाठी दुसरे धागे आहेत, आणि तेही कुलूपबंद आहेत.

#२२ वायर_क्रिम्पर
आता एकत्र बांधण्याबद्दल. खरा घोळ इथे होतो.

एका मशीनवर /स्टार्टलिसनसर्व्हर द्या, किंवा स्वतंत्र सर्व्हर चालवा. पोर्ट २८७८५ आणि २८७८६, दोन्ही यूडीपी. उबंटूवर यूएफडब्ल्यू (फायरवॉल) चालू असेल तर हे दोन उघडा. विंडोज पहिल्यांदा विचारेल तेव्हा 'खासगी नेटवर्क' ला हो म्हणा. बाकीच्यांनी /कनेक्ट आणि त्या मशीनचा पत्ता, उदा. १९२.१६८.१.१०. वाय-फायपेक्षा आठ-सोळा पोर्टचा साधा स्विच आणि वायर बरी. काही राउटरमध्ये वाय-फायवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशी सोय चालू असते, मग पत्ता बरोबर असूनही जोडणी होत नाही आणि माणूस खेळाला शिव्या घालत बसतो.

मोड कोऑप एडिट पाहिजे, क्रमांक १. दुसऱ्या मोडमध्ये ई दाबलं तर खेळ सांगतो की अनेकजण असताना बांधायला हाच मोड लागतो.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हर नकाशा सांभाळत नाही. तो फक्त प्रत्येकाची हालचाल इतरांना कळवतो. नकाशा प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनमध्ये असतो. उशिरा आलेल्याकडे तो नसतोच. म्हणून आधीच्या कुणीतरी /सेंडमॅप द्यायचं, मग नव्याने /गेटमॅप. या दोघांच्या मधल्या वेळात तिसऱ्याने भिंत ओढली तर ती भिंत नव्याच्या नकाशात येत नाही. तिथून पुढे त्याचा किल्ला वेगळा, तुमचा वेगळा. तो मोकळ्या जागेत उभा आहे असं त्याला दिसतं, तुम्हाला तो भिंतीत गाडलेला दिसतो. उपाय: नवा आला की सगळ्यांनी माउसवरून हात काढायचे, सेंड, गेट, मग परत सुरू. सेंडमॅप फक्त ओजीझेड, म्हणजे नकाशाची फाइल पाठवतं, सीएफजी आणि चित्रं नाही. ती पेनड्राइव्हने दहाही मशीनवर आधीच टाका, नाहीतर #१६ मधला गवताचा तट दिसेल.

#२३ कुंदाप्रेमी
आणि करंट गेला तर? आपल्याकडचा पाऊस आणि लाइटीचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे.

#२४ वायर_क्रिम्पर
आपोआप साठवण नाही. करंट गेला की शेवटच्या /सेव्हमॅप नंतरचं सगळं गेलं. एका पोराला 'कारकून' करा: दर दहा मिनिटांनी /सेव्हमॅप आणि नाव. शक्यतो यूपीएसवरच्या मशीनवर. प्रत्येक साठवणीत आधीची फाइल बीएके म्हणून बाजूला ठेवली जाते, सेव्हबॅक २ असेल (मूळचं तेच असतं) तर प्रत्येक बीएके ला वेळेचा क्रमांक. काही बिघडलं तर तिचं शेपूट ओजीझेड करून उघडा. उबंटूवर हे सगळं घरच्या फोल्डरात, लपलेल्या डॉट-साउअरब्राटन मध्ये असतं. विंडोजवर डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये. खेळ जिथे बसवला तिथे शोधू नका.

जुन्या आवृत्त्यांत अनेकजण असताना 'मागे फिरा' चालत नसे, म्हणूनही २०२० ची घ्या असं #२ मध्ये म्हटलंय ते बरोबर. तरी मोठं पाडकाम करायच्या आधी वेगळ्या नावाने साठवा.

इंटरनेटवरून कुणी येणार असेल तर /मास्टरमोड २. नवा येणारा प्रेक्षक म्हणून येतो, तुम्ही सोडल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. नाहीतर कुणीतरी येतो, अख्खं जग निवडतो आणि चाक फिरवतो.

#२५ आजी_ऑनलाइन
पोरं लहान आहेत ना हो? रक्तबिक्त दिसतं काय त्यात?

#२६ राजहंस
/ब्लड ० दिलं की लाल रक्त बंद, आजी. गोळ्या राहतातच. नुसतं बांधायचं असेल तर कोऑप एडिटमध्येच थांबता येतं, मारामारीचा मोड लावायलाच हवा असं नाही.

#२७ रेघोटी
उजेड आणि पाणी, कारण जुनं इंटेल इथेच दमतं.

दिवा: /न्यूएंट लाइट १२८ २५५ २४० २००. पहिला आकडा पोहोच, पुढचे तीन लाल-हिरवा-निळा. पोहोच शून्य दिली तर दिवा अंतर मोजतच नाही, सगळीकडे सारखा पडतो. दोन-तीन असे ठेवले की सावल्या धुऊन जातात आणि हिशेबही लांबतो. दिवे ठेवून झाले की /कॅल्कलाइट. मधल्या तपासणीला /कॅल्कलाइट -१, कच्चं पण झटपट. पक्कं करायचं तेव्हा १. बांधकाम चालू असताना /फुलब्राइट १ ठेवून सगळं सपाट उजेडात बघा. भिंत हलवली की तिथली सावली जुनीच राहते, त्याला बिघाड समजू नका, परत कॅल्कलाइट द्यावं लागतं.

खंदक: आधी खणा, मग आतली पोकळी निवडून /एडिटमॅट वॉटर. पाणी ग्रिडच्या मापातच भरतं, तिरकं होत नाही. मग दहाही मशीनवर /वॉटररिफ्लेक्ट ० आणि /वॉटररिफ्रॅक्ट ०. प्रतिबिंबासाठी सगळं दृश्य दुसऱ्यांदा रंगवावं लागतं, आणि आपल्या किल्ल्याला चारी बाजूंनी पाणी. रंग /वॉटरकलर ने गढूळ करा, आषाढातला खंदक निळा नसतो.

#२८ रेडियंटवाला
प्रतिबिंबावरून आठवलं. झोनॉटिकमध्ये व्हिस आधीच ठरवून ठेवतं की कुठून काय दिसतं. साउअरमध्ये तट आणि मागचं मैदान दोन्ही रंगवत बसतो काय?

#२९ राजहंस
एवढं बिनडोक नाही ते. खेळतानाही काय झाकलंय ते तपासतं, आणि /जेनपीव्हीएस दिलं की तुमच्या व्हिससारखा हिशेब करून नकाशातच साठवतं. वेळ घेतं, म्हणून सगळ्यात शेवटी एकदाच. त्यानंतर भिंत पाडलीत तर परत. म्हणूनच दरवाजामागचं वळण ठेवा म्हणत होतो: नजर अडली की इंटेलही सुटतं.

#३० रेडियंटवाला
ठीक, वळणाचं मान्य. सहा पोरांच्या अटीवर मी हरलो हेही मान्य. झोनॉटिक खेळायला तरी एका मशीनवर ठेवा, नजर तयार होईल.

#३१ तटबंदी
रेड एक्लिप्सचं कुणीच कसं बोललं नाही? भिंतीवरून पळता येतं म्हणे. तटावर ते शोभेल.

#३२ वायर_क्रिम्पर
तेही क्यूब २ चंच नातलग, आतला एडिटर तसाच, एकत्र बांधणंही आहे. पण २०१९ पासूनची २.० टेसरॅक्ट या नव्या इंजिनवर आहे. टेसरॅक्टमध्ये उजेड जागच्या जागी हलतो, कॅल्कलाइटची वाट बघायची नाही. फार सुंदर, पण ते काम ग्राफिक्स कार्ड दर फ्रेमला करतं. कार्डच नाही तर कुणी करायचं? या दहा मशीनवर नको. चांगलं कार्ड असलेल्यांनी घरी जरूर बघा.

#३३ कौलारू_खानापूर
सामान ठेवायचं राहिलं. खेळाडू उतरायच्या जागा /न्यूएंट प्लेयरस्टार्ट, तुमचं तोंड असेल त्या दिशेला तोंड करून उतरतो. भिंतीकडे बघत ठेवू नका. दहा जणांना निदान सोळा जागा, नकाशाभर विखुरलेल्या. झेंड्याचा खेळ करायचा तर /न्यूएंट फ्लॅग १ आणि २, आणि प्लेयरस्टार्टलाही १-२ वेगळे द्यावे लागतात. नुसते साधे ठेवले तर संघ आपल्या झेंड्याजवळ उतरत नाही. चांगलं सामान (पिवळं चिलखत, मार चौपट करणारं क्वाड) उघड्यावर, धोक्याच्या जागी. क्वाड पुलाच्या मधोमध ठेवा, मग बघा.

#३४ कुंदाप्रेमी
मंडळी, ठरलं: साउअरब्राटन २०२०, न्यूमॅप ११, दरवाजा-वळण-मैदान-बसदी, छताला चित्र. पूल, खंदक, तट, जिना उभे आहेत. दार २४ चं केलं. कारकूनही नेमला.

एक अडलंय. सराव म्हणून बॉट, म्हणजे संगणकच चालवतो ते खेळाडू, सोडायचे होते. /ॲडबॉट ५० (५० ही बॉटची कुवत, संख्या नव्हे) दिलं तर सगळे जागच्या जागी थबकतात. दुसऱ्या धाग्यात वाचून /ड्रॉपवेपॉइंट्स १ (पळू तिथे बॉटच्या वाटेचे बिंदू, म्हणजे वेपॉइंट, पडत जातात) दिलं, सगळीकडे पळून आलो, /सेव्हवेपॉइंट्स दिलं. आता बॉट पळतात, लढतात. पण तटावरून खंदकात पडलेला बॉट वर येत नाही. पाच मिनिटांनी बघितलं तर चार बॉट पाण्यात गोल फिरत होते.

#३५ मांडे_तूपसाखर
उकाडा हाय, पोहूं दे की त्यांना.

#३६ कौलारू_खानापूर
तुम्ही वेपॉइंट टाकताना तटावरून खंदकात उडी मारलीत आणि मग ई दाबून तरंगत वर आलात, बरोबर? जमिनीवरून चालताना दोन बिंदूंमधली वाट दोन्ही बाजूंनी जोडली जाते. हवेत असताना टाकलेली फक्त एकाच दिशेने, म्हणजे वरून खाली. बॉटला खाली जायचं माहीत आहे, वर यायचं कुणी शिकवलेलंच नाही.

खंदकाच्या आतल्या भिंतीला दोन ठिकाणी ४ युनिटच्या पायऱ्या काढा, तळापासून पाण्याच्या वरपर्यंत. ड्रॉपवेपॉइंट्स १ परत चालू करा, पाण्यात उतरा, तळाशी गोल फिरा आणि दोन्ही जिन्यांनी पायी वर या, एडिट मोडमध्ये न जाता. मग सेव्हवेपॉइंट्स. डब्ल्यूपीटी फाइल नकाशाच्या शेजारीच तयार होते, सेंडमॅप तीही पाठवत नाही. जो मशीन बॉट चालवणार त्यावर ती असली पाहिजे.

#३७ कुंदाप्रेमी
तरंगतच आलो होतो. पायऱ्या आज रात्री.